सोरायसिसजन्य संधिवात : आहार व व्यायाम

सोरायसिसच्या जोडीने येणारा दाहजन्य संधिवात आणि जादा वजन असे दुहेरी दुखणे असलेल्या प्रौढांनी औषधांबरोबर करावयाचे उपाय. त्वचेचा हा विकार व सांधेदुखी यांचे नाते फ्रेंच वैद्य झां लुई आलिबेर यांनी १८१८ च्या सुमारास नोंदविले, असे सामान्यतः मानतात. या संधिवाताचे पाच प्रकार मानणारे मॉल व राइट या वैद्यांचे वर्गीकरण १९७३ मधील आहे.

वजन वाढल्याने हा रोग का बळावतो, याविषयी मतभेद आहेत. एका मताप्रमाणे कारण यांत्रिक आहे. कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा) हाडाला जिथे चिकटतो त्या जागी वारंवार ताण पडून दाह सुरू होतो. ओरखडा उठलेल्या त्वचेवर सोरायसिसचा चट्टा उमटतो (कोबनर परिणाम), तसाच हा प्रकार मानला जातो. दुसऱ्या मताप्रमाणे चरबीच्या ऊतीच टीएनएफ-अल्फा, इंटरल्यूकिन-६, लेप्टिन यांसारखी दाहकारक द्रव्ये स्रवतात. शरीराचा भार न पेलणाऱ्या हाताच्या बोटांतही रोग आढळत असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही सकाळी पहिले पाऊल टेकताच टाचेत उठणारी कळ पाहता पहिले मत सोडून देता येत नाही.

२०१४ मधील एका इटालियन अभ्यासात टीएनएफ-रोधक (टीएनएफ-अल्फाचे कार्य रोखणारे) औषध सुरू केलेल्या ज्या रुग्णांचे वजन ५ टक्के किंवा अधिक घटले, त्यांचा रोग सहा महिन्यांत आटोक्यात येण्याचे प्रमाण जास्त होते, मग आहार कोणताही असो. ९० किलोच्या माणसासाठी हे साडेचार किलो होतात. स्वीडनमध्ये ४१ रुग्णांना काही आठवडे रोज ६४० किलोकॅलरींचा द्रव आहार दिला असता त्यांच्यातही सुधारणा दिसली. मात्र असा आहार वैद्यकीय देखरेखीशिवाय मुळीच घेऊ नये. ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतील प्रथिन) वर्ज्य करणे सीलिॲक रोगाच्या (ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या विकाराच्या) चाचण्या सकारात्मक असल्यासच सुचवितात. मेथोट्रेक्सेट हे या रोगावरील औषध घेणाऱ्यांनी यकृताच्या दृष्टीने मद्य टाळणे इष्ट. आहाराच्या भरवशावर औषध बंद करणे घातक आहे, कारण झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही.

व्यायामाने सांधे बिघडतात ही भीती निराधार ठरली आहे. नॉर्वेतील अकरा आठवड्यांच्या तीव्र व सौम्य टप्पे आलटूनपालटून करावयाच्या व्यायामाने रोग वाढला नाही, थकवा मात्र कमी झाला. बोट मुळापासून टोकापर्यंत सुजले असेल किंवा टाच धरली असेल, तर चालण्याऐवजी पोहणे किंवा सायकल बरी. दाह ओसरल्यावर भार हळूहळू वाढवतात.