बालकांच्या लसीकरण नोंदींचा मेळ

एकाच बालकाची माहिती आरोग्य विभाग, एकात्मिक बालविकास सेवा योजना आणि जन्मनोंदणी अशा तीन ठिकाणी असते. ती नावानिशी पडताळून प्रत्येक डोसची खरी तारीख एकत्र आणण्याच्या कामाला नोंदींचा मेळ म्हणता येईल. भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे. माता-बाल संरक्षण कार्ड हे आरोग्य आणि महिला-बालविकास या दोन्ही मंत्रालयांचे सामाईक कार्ड मात्र २०१० मध्ये आले.

मैदानी भागात उपकेंद्राकडे साधारण ५,००० लोकसंख्या असते, आशाकडे १,००० आणि अंगणवाडीकडे ४०० ते ८००. म्हणून कोणत्या घरी बाळ आले, कोण गाव सोडून गेले, हे आशाला आणि अंगणवाडी सेविकेला आधी कळते. डोसची तारीख नि लसीचा बॅच क्रमांक असतो आरोग्यसेविकेच्या (एएनएम) आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) रजिस्टरमध्ये. तिघींची माहिती एकमेकींवाचून अपुरी.

लसीकरण सत्राआधी तिघींनी एकत्र बसून रजिस्टर, अंगणवाडीची नोंदवही आणि आशाची डायरी ओळीने वाचावी. त्यातूनच ड्यू लिस्ट, म्हणजे डोस द्यायच्या मुलांची यादी, तयार होते. सत्रात डोस दिल्याबरोबर कार्ड आणि प्रतिपत्र (कार्डाचा आरोग्यसेविकेकडे राहणारा भाग) दोन्ही भरायचे. प्रतिपत्र महिनावार कप्पे असलेल्या पिशवीत, पुढच्या डोसच्या महिन्याच्या कप्प्यात जाते. महिना संपताना त्या कप्प्यात उरलेली प्रतिपत्रे म्हणजे राहिलेली मुले. नुसती बरोबरची खूण चालत नाही, तारीखच हवी: पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीच्या) दोन डोसांत किमान चार आठवडे गेले का, हे खुणेवरून कळत नाही.

सर्वाधिक घोळ पहिल्या बाळंतपणात होतो. बाळ माहेरी जन्मते, बीसीजी, पोलिओचा शून्य (जन्मावेळचा) डोस आणि हिपॅटायटिस-बी तिकडेच मिळतात, आणि सासरच्या गावात त्याची नवी नोंद होते. जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असते, पण ती बिननावाची होऊ शकते. मग ‘अमुकचे बाळ’ आणि बारशानंतरचे नाव अशी दोन मुले कागदावर राहतात. जुळवताना आईचे नाव, जन्मतारीख आणि आरसीएच क्रमांक धरावा, बाळाचे नाव शेवटी. बीड-अहिल्यानगरकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात ती उन्हाळ्यात परततात. सहा, दहा, चौदा आठवड्यांचे डोस तेवढ्यात येऊन जातात, म्हणून निघताना कार्ड सोबत दिलेच पाहिजे. खासगी दवाखान्यातील सहा-एक (सहा रोगांवरच्या एकत्रित) लसीची नोंद ब्रँडच्या नावाने असते. तिच्यात पेंटाचे पाचही घटक आणि पोलिओची इंजेक्शनची लस असते, हे न ओळखल्यास पेंटा पुन्हा टोचला जातो.

अंगणवाडीचे पोषण ट्रॅकर अ‍ॅप (२०२१) आणि लसीकरणाची ऑनलाइन नोंदप्रणाली यू-विन (पथदर्शी सुरुवात २०२३) यांनी वह्या कमी केल्या, मेळाचे काम कमी केले नाही. मोबाइल क्रमांक बदलला की तेच बाळ नव्याने नोंदले जाऊ शकते.

कार्ड हरवले तर प्रतिपत्र आणि रजिस्टरवरून दुसरे कार्ड करून द्यावे. तेही नसेल तर डाव्या दंडावरचा बीसीजीचा व्रण पाहावा, पण व्रण नाही म्हणजे लस नाही असे ठरत नाही. वेळेचीही मर्यादा आहे: कार्यक्रमात बीसीजी आणि पेंटाचा पहिला डोस एक वर्षापर्यंतच देतात, गोवर-रुबेला पाच वर्षांपर्यंत.