‘लायन किंग’ची गाणी लिहिली कोणी?

गणपतीत परभणीच्या आमच्या गल्लीत प्रश्नमंजुषा झाली अन् पुन्हा तेच उत्तर: ‘द लायन किंग’ची गाणी एल्टन जॉननं लिहिली. वर टाळ्या! नाही हो. १९९४च्या त्या सिनेमातल्या या गाण्यांच्या चाली एल्टनच्या, शब्द टिम राइसचे. ऑस्करही दोघांना मिळून.

‘अल्लादीन’चा (१९९२) घोळ तर आणखी मोठा. गीतकार हॉवर्ड ॲशमन मार्च १९९१मध्येच वारला, काम अर्धवट ठेवून. म्हणून जिनीचं ‘फ्रेंड लाइक मी’ त्याचं, पण उडत्या गालिच्यावरचं ‘अ होल न्यू वर्ल्ड’ राइसचं. दोन्हीच्या चाली ॲलन मेनकेनच्या. जरा कान देऊन ऐका: ॲशमनची यमकं लाह्यांसारखी तडतडतात, जिनीला दम घ्यायलाही उसंत नाही. राइस सरळ, मोकळा. मला विचाराल तर ॲशमनच उजवा.