वाळवंटाचा वाद: राहुट्या, नदी आणि मैला उचलणारे हात

आषाढी जवळ आली की पंढरपुरात चंद्रभागेच्या पात्रात, म्हणजे वाळवंटात, काय चालेल आणि काय नाही, याची चर्चा सोलापूर जिल्ह्यात सुरू होते. बातम्यांत ती बंदोबस्त, राहुट्या आणि शौचालयांच्या आकड्यांपुरती उरते. पण त्यामागे एक जुना प्रश्न आहे: पवित्र जागा कुणाची, आणि तिचे पावित्र्य राखण्याचे काम कुणाच्या वाट्याला येते?

सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात तळे खोदले, हे सोलापुरात पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या खोदकामावरून झालेला वाद मात्र फारसा सांगितला जात नाही. बसवेश्वरांच्या काळातल्या शिवभक्तांच्या, म्हणजे शरणांच्या, कन्नड साहित्यातली कथा अशी की त्यांच्यातले थोर संत अल्लमप्रभू इथे आले आणि ‘तो वड्डराम कुठे आहे’ असे त्यांनी विचारले. दगडमातीचे काम करणाऱ्यांच्या जातीचे नाव आपल्या गुरूला लावलेले ऐकून कामावरचे लोक चिडले आणि त्यांनी दगड मारले. तळी बांधून, देवळे उभारून माणूस मोक्षाला पोचतो का, हा अल्लमांचा सवाल होता. सिद्धराम त्यानंतर बसवेश्वरांच्या कल्याणला, आजच्या बसवकल्याणला, गेले. मला या कथेत मोलाचे वाटते ते हे, की पाण्याचे काम हा धर्मविचारातल्या वादाचा विषय झाला आणि त्या वादात मजूरही उतरले.

मंगळवेढ्याने याला आणखी दोन बाजू जोडल्या. चोखोबा १३३८ मध्ये तिथल्या गावकुसाचे काम करताना भिंतीखाली गेले. पुढच्या शतकात दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठारे लोकांना खुली केली. दोघांचीही कथा पंढरीच्या विठ्ठलापाशी जाते. दामाजीपंतांसाठी देव विठू महार होऊन बेदरच्या बादशहाकडे जातो आणि धान्याचे पैसे भरतो. चोखोबांना मात्र जिवंतपणी देवळाची पायरी चढता आली नाही.

वाळवंटाचे महत्त्व इथून समजते. देऊळ ज्यांना बंद होते, त्यांना वाळू खुली होती. तुकोबांच्या अभंगात जातीचा अभिमान गळून पडतो आणि एकमेकांच्या पाया पडणे होते, ते गाभाऱ्यात नाही, वाळवंटात. देवळाचे दार सगळ्यांना उघडले ते १९४७ च्या मे महिन्यातल्या साने गुरुजींच्या उपोषणानंतर. बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा कायदा १९७३ चा, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शब्द दिला तो जानेवारी २०१४ मध्ये. हा सारा काळ समतेची जागा म्हणून वाळवंटच होते.

त्याच सुमारास दुसरे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात चालू होते. राहुट्यांचा वाद त्यातूनच निघाला आणि त्याचा उगम आज बहुतेक जण विसरले आहेत. ती याचिका नदीच्या प्रदूषणावरची नव्हती. वारीच्या दिवसांत पंढरपुरात सफाई कामगारांना हाताने मैला उचलावा लागतो, अशी तक्रार घेऊन एक संघटना न्यायालयात गेली होती. या प्रथेवर १९९३ पासून कायद्याने बंदी आहे. २०१३ मध्ये आणखी कडक कायदा आला. लाखो माणसे येणार हे पंचांगावरून वर्षभर आधी ठाऊक असते, तरी पुरेशी शौचालये नाहीत. मग माणसे पात्रात, घाटाच्या आडोशाला, बोळांत बसतात आणि पहाटे कुणीतरी पाटी-खराटा घेऊन खाली उतरतो. तो कोणत्या वस्तीतून येतो, हे पंढरपुरात कुणाला विचारावे लागत नाही.

न्यायालयाने शौचालयांबाबत आदेश दिले आणि २०१४-१५ च्या सुमारास पात्रात तंबू-राहुट्या ठोकायला मनाई केली. नदीपलीकडची ६५ एकर जागा दिंड्यांच्या मुक्कामासाठी तयार झाली. फडकरी, म्हणजे वारकऱ्यांच्या परंपरागत कीर्तन-मंडळांचे (फडांचे) प्रमुख, यांचा विरोध मोठा होता आणि त्याला आधार होता. फडांच्या कीर्तनाच्या जागा पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. चंद्रभागेचे स्नान, वाळवंटातले कीर्तन, प्रदक्षिणा हा वारीचा नेमच आहे. तो पलीकडच्या मैदानात नेता येत नाही. पुढे भजन-कीर्तनासाठी ठरावीक दिवसांची सवलत मिळाली.

माझ्या मते मुक्काम पात्राबाहेर गेला हे योग्यच झाले, आणि कीर्तन वाळूतच राहिले हेही. खंत वेगळी आहे. दोन्ही बाजूंनी परंपरा आणि पर्यावरण यांवर भरपूर बोलले गेले, पण ज्याच्यासाठी याचिका होती तो माणूस चर्चेतून गळाला. वाळूत सगळे समान, ही वारकऱ्यांची शिकवण खरी मानायची तर वारी उठल्यावर तीच वाळू साफ करणारी जात ठरलेली असणे त्या शिकवणीत बसत नाही. हे म्हणायला न्यायालयाची गरज नव्हती. कीर्तनाच्या गादीवरून ते आधीच म्हटले जायला हवे होते. काही कीर्तनकारांनी निर्मळ वारीचा विषय हाती घेतला आणि पालखी मार्गावर फिरती शौचालये आली. त्याने बराच फरक पडला, हे मान्य करायला हवे.

नदीचे दुखणे याहून मोठे आहे. चंद्रभागा म्हणजे पंढरपुरातली भीमाच, आणि भीमेच्या वरच्या खोऱ्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहे. तिथले सांडपाणी उजनी धरणात येते. १९८० मध्ये धरण पूर्ण झाल्यापासून पंढरपुरात पात्र वाहते ते पाऊस झाला तर, नाहीतर पाणी सोडले तर. आषाढीला स्नानासाठी पाणी सोडले जाते, सोलापूरच्या पिण्यासाठीही सोडले जाते, आणि ते पंढरपुरावरूनच सोलापूरला पाणी पुरवणाऱ्या औजच्या बंधाऱ्यात पोचते. वारकरी ज्या पाण्यात बुडी मारतो, त्याच नदीचे पाणी सोलापूरकर काही दिवसांआड नळाला भरतो. २०१६ मध्ये राज्य सरकारने चंद्रभागेच्या स्वच्छतेची योजना जाहीर केली, पण पुण्याकडच्या सांडपाण्यावर तिचे यश अवलंबून आहे. दरम्यान वाळू उपशाने पात्रात खड्डे पडले आणि स्नानाला उतरणाऱ्या भाविकांच्या जिवावर बेतू लागले. ज्या वाळवंटावरून भांडण झाले, त्यातली वाळूच डंपर-ट्रॅक्टरमधून जात आहे. राहुट्यांइतका गदारोळ त्यावर झाला नाही.

यंदाच्या बैठकांतही शौचालयांची संख्या, पाणी सोडण्याची तारीख आणि ६५ एकरांतल्या प्लॉटचे वाटप हे विषय येतील. शौचालये उपसायला यंत्र आहे का, ठेकेदाराच्या कामगारांना हातमोजे-बूट आणि पूर्ण मजुरी मिळते का, हे त्याच बैठकीत विचारायला कायद्याने कुणालाही अडवलेले नाही.