शब्द मोजून वाचनाचा वेळ कळत नाही

‘मिनिटाला २५० शब्द, म्हणजे हजार शब्दांचा लेख चार मिनिटांत’ हा हिशेब मराठीलाही सर्रास लावतात. चूक आहे. अशा आकड्यांचं मूळ इंग्रजीत. मानसशास्त्रज्ञ मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९मध्ये १९० अभ्यास एकत्र करून काढलेली सरासरी २३८, तीही ललितेतर मजकूर मनात वाचताना. मराठीत प्रत्यय नि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘दुकानासमोरसुद्धा गाडी लावू नये’ अशी पुणेरी पाटी घ्या. तिचा पहिला शब्द इंग्रजीत सांगायला सहा लागतात! म्हणून मराठी शब्द मोजायला कमी, पण एकेकाला वेळ जास्त. मी तर अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या दिवाळी अंकाचं एक पान घड्याळ लावून वाचतो नि पानांनी गुणतो. कविता सोडून, अर्थात.