मिश्र प्रिसिजन अंकगणित

मिश्र प्रिसिजन अंकगणित : एकाच आकडेमोडीतले काही टप्पे थोड्या अंकांनिशी आणि काही जास्त अंकांनिशी करून सिम्युलेशनचा वेग वाढवण्याची पद्धत. ६४ बिटांच्या ‘डबल’ संख्येत सुमारे १६ सार्थ अंक मावतात, ३२ बिटांच्या ‘सिंगल’मध्ये ७ आणि १६ बिटांच्या ‘हाफ’मध्ये जेमतेम ३. मोठ्या सिम्युलेशनमध्ये प्रोसेसरचा बराच वेळ मेमरीतून आकडे येण्याची वाट पाहण्यात जातो. आकडा निम्म्या जागेत मावला की ही वाहतूकही निम्मी होते.

अचूकता मात्र गमवावी लागत नाही, हे या पद्धतीचे खरे सौंदर्य. समजा, १० हजार रेषीय समीकरणे सोडवायची आहेत. सारणीचे (समीकरणांतल्या सहगुणकांच्या चौकटीचे) घटक पाडायला, म्हणजे ती सोप्या सारण्यांच्या गुणाकारात मांडायला, सुमारे ६७ हजार कोटी क्रिया लागतात. उत्तर समीकरणांत घालून किती चुकले ते, म्हणजे शेष, काढायला फक्त २० कोटी. म्हणून घटक सिंगलमध्ये पाडायचे, शेष डबलमध्ये काढायचा, त्यावरून दुरुस्ती करायची आणि असे काही वेळा करायचे. उत्तर डबलच्या तोडीचे मिळते. ब्रिटिश गणितज्ञ जेम्स विल्किन्सन यांनी ही क्रमिक सुधारणेची रीत संगणकाच्या अगदी आरंभकाळी, १९४८ च्या सुमारास मांडली. सारणीचा कंडिशन नंबर, म्हणजे आकड्यांतली छोटी चूक उत्तरात किती पट फुगू शकते याचे माप, कोटीच्या घरात गेला, तर मात्र सिंगलमधले घटक भरवशाचे राहत नाहीत आणि दुरुस्त्या उत्तराकडे सरकतीलच असे नाही.

हवामानशास्त्रात विचार वेगळा आहे. तिथे निरीक्षणांतल्या आणि प्रतिमानातल्या त्रुटीच इतक्या मोठ्या असतात की सोळावा अंक जपणे व्यर्थ ठरते. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान अंदाज केंद्राने मे २०२१ मध्ये आपले अंदाज सिंगलवर आणले. वाचलेल्या संगणन-वेळातून समूह-अंदाजाचे (किंचित वेगळ्या आरंभस्थितींपासून चालवलेल्या अनेक अंदाजांच्या संचाचे) उभे स्तर, म्हणजे वातावरणाचे उंचीनुसार पाडलेले थर, ९१ वरून १३७ करता आले. हा सौदा मला फार शहाणपणाचा वाटतो : निरर्थक अंक सोडून वातावरणाचे अधिक बारकाईचे चित्र मिळवले.

बेरजांच्या ठिकाणी जपावे लागते. हाफमध्ये ३०० केल्विनच्या आसपास लगतच्या दोन संख्यांत पाव केल्विनचे अंतर असते. एका कालपायरीत, म्हणजे सिम्युलेशन वेळेत पुढे टाकते त्या एका पावलात, तापमान ०.१ ने वाढले, तर बेरीज पुन्हा ३००च येते. हजार पायऱ्यांनंतरही हवा तापत नाही. म्हणून साचत जाणाऱ्या राशी जास्त बिटांत ठेवतात, किंवा संगणकशास्त्रज्ञ विल्यम काहान यांच्या रीतीने प्रत्येक बेरजेत गळालेला अंश वेगळा जपून पुढच्या बेरजेत मिळवतात.