स्वाइप मशीन घेण्याआधी महिनाभर वही ठेवा

दारव्हा आणि आसपासच्या गावांतल्या आमच्या दुकानदार ग्राहकांसाठी

"कार्ड चालते काय भाऊ?" असं विचारून एखादं मोठं गिऱ्हाईक परत गेलं, की दुसऱ्या दिवशी दुकानदार आमच्याकडे येतो आणि म्हणतो, मशीन द्या. आम्ही वजनकाटे, बिलाचे प्रिंटर आणि कार्डाच्या मशीन विकतो, दुरुस्तही करतो. तरी मशीन देण्याआधी आम्ही एक वही ठेवायला सांगतो. महिनाभर ती गल्ल्याजवळ राहू द्या. कोणी कार्ड काढलं किंवा कार्डाचं विचारलं, की एक रेघ मारा, बाजूला रक्कम लिहा. कार्ड दिसलंच तर रूपे, व्हिसा की मास्टरकार्ड, डेबिट की क्रेडिट, तेही लिहा. कृषी केंद्राने ही वही जूनमध्ये ठेवावी, कापड दुकानाने दिवाळीच्या आधी. ऐन हंगामाचा हिशेब हाती नसेल तर अंदाज हमखास चुकतो.

वहीचं महत्त्व भाड्यामुळे आहे. समजा मशीनचं भाडं महिन्याला ४०० रुपये आहे. वहीत पाचच रेघा निघाल्या तर प्रत्येक बिलामागे ८० रुपये भाड्यातच गेले. पन्नास निघाल्या तर आठ रुपये. पाच रेघांच्या दुकानदाराला आम्ही मशीन विकत नाही. त्याने दुकानाच्या नावाचा स्कॅनर (यूपीआयचा क्यूआर कोड) लावावा, हवा तर पैसे आल्याचं बोलून सांगणारा आवाजाचा डबा घ्यावा, आणि वर्षभराने पुन्हा वही ठेवावी.

कट किती बसतो

कट म्हणजे बिलाच्या रकमेतून बँक किंवा मशीनची कंपनी कापून घेते तो भाग. इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर दुकानदाराला कट नाही. जनधन खात्यांवर मिळालेली कार्डं रूपेचीच आहेत, म्हणजे खेड्यातल्या बऱ्याच गिऱ्हाइकांचं कार्ड तुम्हाला फुकट पडतं. व्हिसा किंवा मास्टरकार्डाच्या डेबिट कार्डावर कट आहे, पण रिझर्व्ह बँकेने त्याला २०१८ पासून मर्यादा घातली आहे. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर शंभराला जास्तीत जास्त ४० पैसे, आणि एका बिलावर २०० रुपयांच्या वर नाही. उलाढाल त्याहून जास्त असेल तर शंभराला ९० पैशांपर्यंत, आणि एका बिलावर १,००० रुपयांपर्यंत. बिल २,००० रुपयांच्या वर असेल तर कटाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

१८,००० रुपयांची पाण्याची मोटर विकली असं धरा. गिऱ्हाइकाचं कार्ड व्हिसा डेबिट. लहान दुकानदाराचे ७२ रुपये कट आणि १२ रुपये ९६ पैसे कर, मिळून ८५ रुपयांच्या आत जातात. मोठ्या उलाढालीच्या दुकानाचे त्याच मोटरवर १९१ रुपये १६ पैसे जातात. म्हणून मशीनच्या फॉर्ममध्ये उलाढालीचा रकाना स्वतः बघून भरा. कंपनीचा माणूस घाईत असतो, काहीतरी आकडा टाकतो आणि तुम्ही नको त्या गटात जाता.

क्रेडिट कार्डाला अशी वरची मर्यादा नाही. तिथे दर कराराप्रमाणे ठरतो आणि बहुधा डेबिटच्या दुपटीहून जास्त असतो. दोन टक्के दर असेल तर त्याच मोटरवर कर धरून ४२४ रुपये ८० पैसे गेले. तुमच्या मालात तेवढा नफा सुटत असेल तरच क्रेडिट चालू ठेवा. किसान क्रेडिट कार्डाच्या नावात क्रेडिट आहे, त्यामुळे त्याचा कट कोणत्या गटात धरणार हे कंपनीकडून लेखी घ्या. आपल्या भागात हा प्रश्न रोजचा आहे.

आणि डेबिट कार्डाचा कट गिऱ्हाइकाच्या बिलात जोडायचा नाही. "कार्ड असेल तर दोन टक्के जादा" अशी पाटी लावू नका.

मशीन कोणतं

खताच्या विक्रीसाठी अंगठा घेणारी मशीन कृषी केंद्रांकडे आहेच. ती अनुदानाच्या नोंदीसाठी आहे, तिच्यावर कार्डाचे पैसे घेता येत नाहीत.  हा प्रश्न आम्हाला दर हंगामात येतो.

कार्डासाठी तीन रस्ते आहेत. छोटं मशीन ब्लूटूथने तुमच्या फोनला जोडतात. ते स्वस्त असतं, पण फोन घरी राहिला की कार्ड घेणं बंद. मोठ्या मशीनमध्ये स्वतःचं सिम आणि प्रिंटर असतो. बाजाराच्या दिवशी गर्दीत तेच टिकतं. तिसऱ्यात मशीनच लागत नाही, एनएफसी (कार्ड टेकवल्यावर वाचण्याची सोय) असलेल्या फोनवर ॲप टाकून कार्ड टेकवून पैसे घेता येतात. मात्र कार्डावर लाटांची खूण हवी, आणि जुन्या कार्डांवर ती नसते. टेकवून बिनापिन व्यवहार ५,००० रुपयांपर्यंतच होतो.

मशीन ठरवण्याआधी रेंज बघा, आणि ती दारात उभं राहून बघू नका. गल्ल्याच्या जागी, टिनाच्या छताखाली बघा. लाईन जाऊन दोन तास झाल्यावर परत बघा, कारण बॅटरी उतरली की टॉवरही मान टाकतो. बोरी अरबला जे सिम चालतं ते लाडखेडला चालेलच असं नाही. दोन कंपन्यांची सिम लावून बघितल्याशिवाय आम्ही मशीन बसवत नाही.

पिन

म्हातारं माणूस काउंटरवर कार्ड ठेवतं आणि मोठ्याने पिन सांगतं, "तूच दाब रे बापू." हा तुमच्यावरचा विश्वास आहे आणि म्हणूनच तो मोडायचा नाही. मशीन त्यांच्या हातात द्या, आकडा कुठे आहे ते दाखवा, तोंड दुसरीकडे फिरवा. वेळ लागू द्या. पुढे कधी त्या खात्यातून पैसे गेले तर पहिलं बोट पिन माहीत असलेल्या दुकानदाराकडेच जातं. नोकरालाही हे बजावून ठेवा.

पैसे कटले, मशीनवर आले नाहीत

लगेच दुसऱ्यांदा स्वाइप करू नका. गिऱ्हाइकाला मेसेज दाखवायला सांगा, मशीनवर व्यवहाराची स्थिती बघा. पैसे कटूनही मशीनवर नोंद आली नसेल तर व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम खात्यात परत यायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यानंतर उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. गिऱ्हाइकाला हे शांतपणे सांगितलं की भांडण होत नाही. बँक दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या नंबरवर माहिती मिळते. फसवणूक झाली असेल तर एक क्षण न दवडता सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर लावा.

पावती कागदावर ठेवून देऊ नका. त्या रोलची छपाई काही महिन्यांत उडते. मोठ्या बिलाचा फोटो काढून ठेवा.

सही करण्याआधी

आमच्या एका गिऱ्हाइकाने "भाडं नाही" असं ऐकून तीन वर्षांच्या करारावर सही केली होती. भाडं सहा महिन्यांनी सुरू झालं, आणि ऑटो डेबिट असल्यामुळे ते खात्यातून आपोआप जात राहिलं. मशीन परत करायला गेला तर उरलेल्या काळाचे पैसे मागितले. म्हणून करार किती दिवसांचा, मधेच बंद केला तर दंड किती, व्यवहार कमी झाले तर वेगळा आकार लागतो का, आणि पैसे दुसऱ्या दिवशी जमा होतात की बँकेच्या सुट्टीमुळे लांबतात, हे तोंडी ऐकू नका, कागदावर वाचा. रोल कोण देणार आणि मशीन बिघडलं तर दुरुस्तीला यवतमाळला पाठवायचं की इथेच कोणी येणार, हेही विचारा. हंगामात आठ दिवस मशीन बंद राहिलं तर वर्षाचं भाडं अंगावर येतं.

महिना संपला की वही घेऊन दुकानात या, रेघा एकत्र बसून मोजू. आधीपासून दुसऱ्या कोणाचं मशीन असेल तर त्याचा करारही सोबत आणा, वाचून समजावून सांगू. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.