हातोडा आणि लाओत्से : हायरच्या कारभारामागची पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या रांजणगाव एमआयडीसीत हायरचे फ्रिज तयार होतात. कंपनी चिनी आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तिचा कारभार ज्या विचारांवर उभा राहिला, ते मात्र दोन-अडीच हजार वर्षं जुने आहेत.

१९८४ च्या डिसेंबरात ३५ वर्षांचे झांग रुइमिन चीनच्या चिंगदाओ शहरातल्या डबघाईला आलेल्या फ्रिज कारखान्याचे प्रमुख झाले. हाच कारखाना पुढे हायर झाला. शिस्त इतकी ढासळली होती की, शेडमध्ये लघवी करू नये, असा लेखी नियम काढावा लागला. पुढच्या वर्षी एका ग्राहकाची तक्रार आली. गोदाम तपासल्यावर ७६ फ्रिज सदोष निघाले. एका फ्रिजची किंमत म्हणजे कामगाराचा सुमारे दोन वर्षांचा पगार. तरीही, ज्यांनी ते बनवले त्यांच्याच हाती हातोडे देऊन झांग यांनी ते सगळे फोडायला लावले.

मला या हातोड्यात हान फेइ दिसतो. नियम सगळ्यांना सारखा, बक्षीस आणि शिक्षा दोन्ही ठरलेली, असं मांडणारा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला हा चिनी विचारवंत. चिनी कंपन्यांच्या कारभारावरची आपल्याकडची चर्चा मात्र कन्फ्यूशियसपाशीच थांबते: थोरांचा मान, धाकट्यांची काळजी, कंपनी म्हणजे कुटुंब. शिवाय ही परंपरा अखंड चालत आली, असं आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात १९६६ मध्ये रेड गार्ड्सनी, म्हणजे माओच्या तरुण समर्थकांच्या गटांनी, चूफू गावातल्या कन्फ्यूशियसच्या समाधीची मोडतोड केली, १९७० च्या दशकात त्याच्याविरुद्ध देशभर मोहीम चालली. झांग त्याच काळात वाढले. १९७८ नंतर बाजार खुला होऊ लागला, तेव्हा या पिढीने टाकून दिलेले ग्रंथ पुन्हा उघडले आणि आपल्याला हवं ते उचललं.

झांग यांनी उचलला लाओत्से हा प्राचीन चिनी विचारवंत. त्याच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथाचा १७ वा अध्याय सांगतो की, उत्तम राजा नुसता आहे एवढंच प्रजेला माहीत असतं, काम तडीस गेलं की लोक म्हणतात, हे आम्हीच केलं. २००५ मध्ये त्यांनी ‘रेन दान ह यी’ पद्धत आणली. रेन म्हणजे माणूस, दान म्हणजे ग्राहकाची मागणी, ह यी म्हणजे दोन्ही एक होणं. पुढे मधल्या फळीतल्या सुमारे १२ हजार जणांची पदं गेली. स्वतःचा गट उभारा नाहीतर बाहेर पडा, हे ऐकणाऱ्यांना ते सोपं गेलं नसणार. त्या जागी छोटे गट आले. माणसं कोणती घ्यायची, पगार किती द्यायचा, हे गटच ठरवू लागले. २०१६ मध्ये ५४० कोटी डॉलरना घेतलेल्या अमेरिकेतल्या जीई अप्लायन्सेसमध्येही हीच पद्धत नेली.

२०२१ च्या नोव्हेंबरात, नव्या संचालक मंडळासाठी माझं नाव नको, असं सांगून झांग बाजूला झाले.